डाय देऊन सी. टी. स्कॅन: सुंगटांची अ‍ॅलर्जी आणि मेटफॉर्मिन

प्रश्न (खानापूर तालुका)
नमस्कार. माझ्या आईचे वय ६२ असून तिला मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू आहे. पोटदुखीचे कारण शोधण्यासाठी बेळगावच्या डॉक्टरांनी डाय (अवयव ठळक दिसावेत म्हणून शिरेतून देतात ते द्रव्य) देऊन पोटाचे सी. टी. स्कॅन करायला सांगितले आहे. मूत्रपिंडाचे काम दाखवणारे रक्तातील क्रिएटिनिन १.३ आहे. सुंगटे (कोळंबी) खाल्ली की तिच्या अंगावर पित्त उठते, आणि डायमध्ये आयोडीन असते हे कळल्यापासून घरचे धास्तावले आहेत. काका तर डायशिवायच स्कॅन करा म्हणतात. या अ‍ॅलर्जीमुळे डाय टाळावी का, आणि मेटफॉर्मिन बंद ठेवावे लागेल का?

उत्तर (रेडिओलॉजिस्ट, बेळगाव)
सुंगटांची अ‍ॅलर्जी बहुधा त्यांच्या स्नायूंतील ट्रोपोमायोसिन या प्रथिनामुळे होते; तिचा आयोडीनशी संबंध नाही. आयोडीन आपण मिठातून रोजच खातो. धोका दाखवणारी सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे पूर्वी याच प्रकारच्या डायची रिअ‍ॅक्शन आली होती का. दमा किंवा इतर अ‍ॅलर्जींमुळे धोका थोडा वाढतो, म्हणून सुंगटांचे अवश्य सांगावे, पण तेवढ्यावरून स्कॅन रद्द करू नये.

आयोडीनचा अणुक्रमांक ५३ असल्याने ते एक्स-रे चांगले शोषते आणि रक्तवाहिन्या व अवयव उठून दिसतात. जुन्या आयनिक (विद्युतभारित कणांत फुटणाऱ्या) डायची ऑस्मोलॅलिटी, म्हणजे विरघळलेल्या कणांचे प्रमाण, रक्ताच्या पाच ते सात पट असे, त्यामुळे त्रासही अधिक होई. आयोहेक्सॉलसारख्या नॉन-आयनिक डायची ती साधारण दोन-तीन पट, तर आयोडिक्सॅनॉलची रक्ताइतकीच असते. आता बहुतेक ठिकाणी नॉन-आयनिकच वापरतात. तरीही गंभीर रिअ‍ॅक्शन क्वचित येऊ शकते, म्हणून तपासणीच्या ठिकाणी अ‍ॅड्रिनलिन (गंभीर अ‍ॅलर्जीवरचे इंजेक्शन) तयार असावे लागते.

काकांचे म्हणणे मुतखड्याच्या शंकेला लागू पडते, कारण खडा डायशिवायच उत्तम दिसतो. स्वादुपिंड, यकृत किंवा आतड्याचा रक्तपुरवठा पाहायचा असेल, तर मात्र डायशिवायचे स्कॅन पुष्कळदा अर्धवट माहिती देते.

उत्तर (औषधविक्रेता, निपाणी)
मेटफॉर्मिन स्वतः मूत्रपिंडाला इजा करत नाही. डायनंतर मूत्रपिंड मंदावले तर औषध शरीरात साचून लॅक्टिक अ‍ॅसिडोसिस (रक्तात लॅक्टिक आम्ल धोकादायक वाढणे) होण्याची भीती असते, एवढेच. केवळ क्रिएटिनिनवरून निर्णय होत नाही, त्यावरून जीएफआर (मूत्रपिंडाचा रक्त गाळण्याचा वेग) काढावा लागतो. ६२ वर्षांच्या स्त्रीला १.३ म्हणजे सुमारे ४६. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीच्या मते, शिरेतून डाय देताना जीएफआर ३० किंवा त्याहून अधिक असेल आणि मूत्रपिंडाला नुकतीच इजा झालेली नसेल, तर गोळी थांबवण्याची गरज नाही. अमेरिकेतील औषधाच्या माहितीपत्रकात मात्र ३० ते ६० जीएफआर असल्यास डाय देताना ती बंद करून ४८ तासांनी मूत्रपिंडाची तपासणी करण्यास सांगितले आहे. म्हणून दोन डॉक्टर वेगवेगळे सांगतात, आणि दोघांनाही आधार असतो. आपल्या डॉक्टरांचे ऐकावे. स्वतःहून गोळी बंद केली तर साखर चढेल. वेदनेसाठी डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या मात्र या दिवसांत त्यांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

उत्तर (सी. टी. तंत्रज्ञ, निपाणी)
डाय जाताना अंगात ऊब पसरते, तोंडाला धातूची चव येते आणि लघवी झाल्यासारखे वाटते. आईंना हे आधीच सांगा, नाहीतर त्या घाबरून हलतील आणि चित्रे बिघडतील. सुईच्या जागी जळजळ किंवा सूज आली तर लगेच बोलावे. इंजेक्शननंतर अर्धा तास तिथेच थांबणे बरे. पुरळ काही तासांनी, क्वचित काही दिवसांनीही उठू शकते.

प्रश्नकर्ता
सर्वांचे आभार. आईच्या गळ्याला जुनी गाठ आहे, पण थायरॉईडची गोळी चालू नाही. हेही सांगावे का?

उत्तर (रेडिओलॉजिस्ट, बेळगाव)
जरूर सांगा. १०० मिली डायमध्ये ३० ग्रॅमच्या आसपास आयोडीन असते. त्यातील मोकळे आयोडाइड अल्प असले तरी शरीराच्या रोजच्या सुमारे १५० मायक्रोग्रॅम गरजेपुढे तेही पुष्कळ ठरते. गाठी असलेली थायरॉईड काही आठवड्यांनी अतिसक्रिय होऊ शकते. पुढे छाती धडधडणे किंवा वजन घटणे दिसले तर टी.एस.एच. (थायरॉईडची रक्तचाचणी) तपासावे. आईंचे थायरॉईडसाठी किरणोत्सारी आयोडीनचे स्कॅन ठरलेले असेल, तर ते डायच्या आधी उरकावे किंवा नंतर चार ते आठ आठवडे थांबावे. आपल्याकडचे रुग्ण पुढच्या उपचाराला मिरज, कोल्हापूर किंवा गोव्याला जातात, म्हणून वापरलेल्या डायचे नाव आणि मात्रा रिपोर्टवर लिहून घ्या.