गाडी खाली केली की रस्त्याला चिकटते म्हणे!

पानापक्कड :
दोन दिवसांपूर्वी इथे 'गाडी खाली करा, फरक बघा' असा धागा आला होता. प्रतिसाद द्यायला बसलो, तो इतका लांबला की वेगळा धागा काढतोय. मूळ लेखकाचं म्हणणं थोडक्यात असं: स्प्रिंग आखूड करून बॉडी ४० मिमी खाली घेतली की गाडी रस्त्याला चिकटते, त्यासाठी नवा स्प्रिंगसेट घेणारे येडे, ग्राइंडरने स्प्रिंगचा दीड वेढा उडवला की काम झालं, आणि शेवटी, "ज्यांना चालवता येत नाही त्यांचीच गाडी खालून घासते."

पहिल्या दोन मुद्द्यांवर हसून सोडून दिलं असतं. तिसऱ्याने डोकं फिरलं.

कारण हे सगळे उद्योग मी करून बसलोय. पहिली गाडी, वय बावीस, स्प्रिंग कापून घेतलेल्या. दिसायला झक्कास. चाकाच्या वर दोन बोटंसुद्धा जायची नाहीत. एकटा असलो की ठीक चालायची, म्हणजे आदळायची पण मला ते 'स्पोर्टी' वाटायचं. एकदा चार जण, डिकी भरलेली. रस्त्याच्या मधोमध डांबराचा उंचवटा आला आणि खालून ठक्क झालं. उतरलो, वाकून बॅटरी मारली, काही दिसलं नाही. निघालो. थोड्या वेळाने वळणावर ऑइलचा लाल दिवा लुकलुकला आणि गाडी सरळ झाली की विझला. मी म्हटलं सेन्सर गंडला असेल. ऑइल कमी झालं की वळणावर ते एका बाजूला पळतं आणि पंपाची नळी हवा ओढते, ही अक्कल तेव्हा नव्हती. मग वरून टिकटिक सुरू झाली. मी रेडिओचा आवाज वाढवला (हो, खरंच वाढवला). शेवटच्या चढावर इंजिन सीझ, म्हणजे आतून जाम.

चेंबरला, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीला, पडलेली चीर माझ्या करंगळीच्या नखाएवढी होती.

आता स्प्रिंग कापण्याबद्दल. वेढे कमी झाले की स्प्रिंग कडक होते, इथवर बरोबर. पण कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही, आणि चाक खड्ड्यात पूर्ण लोंबलं की आखूड झालेली स्प्रिंग जागेवर सैल होते. शॉकअप मात्र जुनाच, मऊ स्प्रिंगसाठी बनवलेला. त्याचा दांडा आधीच निम्मा आत गेलेला, त्यामुळे जरा मोठा दणका बसला की थेट बंप स्टॉपवर. म्हणजे गाडी स्प्रिंगवर नाही, रबराच्या गोळ्यावर चालतेय. रस्त्याला चिकटली असं जे वाटतं ना, ते हे.

सातवा गिअर :
तो धागा माझाच. नाव घ्यायला लाज वाटली का काका?

तुमच्या कथेत चूक गाडी खाली असण्याची नाही. ओझं भरून मधोमध उंचवट्यावर घातलीत, दिवा लागल्यावर थांबला नाहीत, वर रेडिओ वाढवलात. त्यात स्प्रिंगचा काय दोष?

आणि चिकटण्याबद्दल. वळणावर किती वजन बाहेरच्या चाकांवर सरकतं, ते गुरुत्वमध्याच्या उंचीवर ठरतं. ती ५५० मिमी धरा. ४० ने कमी केली की तितक्याच वळणाला वजनाचं सरकणं ७ टक्के कमी. हे मी नाही, भौतिकशास्त्र म्हणतंय. एफ वनच्या (फॉर्म्युला वन शर्यतीच्या) गाड्या जमिनीला पोट लावून उगाच धावत नाहीत. माझी गाडी दोन वर्षं खाली आहे, आजवर काहीही झालेलं नाही.

त्रिज्या :
अर्धं भौतिकशास्त्र सांगून झालं असेल तर उरलेलं अर्धं मी सांगते.

बहुतेक साध्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात, आणि खालून चाक धरणारा एक दांडा, लोअर आर्म. गाडी खाली घेतली की लोअर आर्मचं चाकाकडचं टोक वर जातं आणि त्यामुळे रोल सेंटर, म्हणजे वळणावर बॉडी ज्या बिंदूभोवती झुकते तो, खाली सरकतो. किती? बहुधा गुरुत्वमध्यापेक्षा जास्त. म्हणजे त्या दोघांतलं अंतर, ज्याच्या जोरावर गाडी झुकते, ते वाढतं. एकूण वजन कमी सरकतं हे मान्य. पण स्प्रिंग पुरेशा कडक नसतील तर गाडी आधीपेक्षा जास्त झुकते. टाय रॉड (स्टिअरिंगपासून चाकाला वळवणारा दांडा) आणि आर्म आता वेगळ्या कोनात आहेत, त्यामुळे एक चाक खड्ड्यातून वर उसळलं की ते स्वतःहून किंचित वळतं. स्टिअरिंग धरलेल्या हाताला तो झटका कळतो. सातवा गिअर त्याला 'फीडबॅक' म्हणत असावेत.

आणि एफ वन? १९९४ मध्ये इमोलाच्या शर्यतीतल्या जीवघेण्या अपघातांनंतर त्याच हंगामात प्रत्येक गाडीच्या पोटाला १० मिमीची फळी सक्तीची झाली, गाड्या फार खाली घेऊ नयेत म्हणूनच. ९ मिमीच्या खाली झिजली की बाद. त्याच वर्षी बेल्जियमला शूमाखर जिंकूनही बाद झाला तो फळीमुळे. २०२३ मध्ये ऑस्टिनला हॅमिल्टन आणि लक्लेर हे दोन ड्रायव्हरही तसेच बाद झाले. गुळगुळीत ट्रॅक, शेकडो इंजिनिअर, आणि तरी मिलिमीटरचा अंदाज चुकतो. तुमच्याकडे काय आहे? ग्राइंडर.

सातवा गिअर :
टोमणे छान. पण माझ्या स्प्रिंग कापलेल्या नाहीत, सेट आहे, शॉकअपसकट. कापा असं मी ज्यांचं बजेट नाही त्यांच्यासाठी लिहिलं होतं.

पानापक्कड :
म्हणजे स्वतः सेट घ्यायचा आणि दुसऱ्याला ग्राइंडर द्यायचा. वा!

मागच्या सीटवरची :
इथे सगळे पुढच्या सीटवरून बोलताय म्हणून लिहिते. आमच्या ह्यांनी गाडी खाली घेतली त्याला दीड वर्ष झालं. त्यांच्या हातात स्टिअरिंग असतं, खड्डा दिसतो, ते अंग सावरून बसतात. मला खड्डा कमरेतून कळतो. मुलगा मागे झोपायचा, आता झोपत नाही. आणि प्रत्येक स्पीडब्रेकरला गाडी तिरकी घालायची, मागचे हॉर्न वाजवणार, मोकळ्या बाजूने एखादी बाइक घुसणार, मग हे काच खाली करून भांडणार. दहा मिनिटांच्या रस्त्यावर सहा स्पीडब्रेकर. हिशोब करा.

निवांत :
ताई, काळजाला हात घातलात. या तिरकं जाणाऱ्यांवर एकदा वेगळा धागा हवा. अख्खा रस्ता अडवतात. आपल्या पैशाने गाडी खाली करा, पण त्यासाठी माझा वेळ का?

तिरकस :
तिरकं जाण्यात चूक काय? एका वेळी एकच चाक चढतं, दणका वाटला जातो, पुढचा बंपर घासत नाही. वीस वर्षं हेच करतोय. (माझी गाडी खाली केलेली नाही, तरीही.)

खडखडाट :
आणि वीस वर्षं बॉडी पिळताय. एक पुढचं आणि त्याच्या तिरप्या कोपऱ्यातलं मागचं चाक वर, बाकीची दोन खाली, अशी गाडी उभी करा आणि दार लावून बघा. आवाज बदलतो. माझ्या जुन्या गाडीत डॅशबोर्ड कुरकुरायचा, त्याचं मूळ हेच निघालं.

तिरकस :
तुमच्या गाडीचा डॅशबोर्ड कुरकुरतो म्हणून जगाने सरळ जायचं? मोनोकॉक (वेगळी चासी नसलेल्या, एकसंध) बॉडीला इतका पीळ रोज सोसायचाच असतो. त्यासाठीच बनवलेली असते.

खडखडाट :
कंपनीने ठेवलेला सस्पेन्शनचा प्रवास, म्हणजे चाकाला वर-खाली जायची जागा, धरून बनवलेली असते, दादा. तो प्रवास कापलात की चाकाने खायचा पीळ बॉडी खाते. धागा कशावर आहे ते एकदा वर जाऊन वाचा.

तिरकस :
वाचता येतं मला. तुम्हाला चालवता येतं का हा प्रश्न आहे.

निवांत :
झालं सुरू. दोघंही तिरके.

त्रिज्या :
दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर आहे, भांडण थांबवा. स्पीडब्रेकर कसला त्यावर सगळं अवलंबून आहे. ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकात सरकारी संशोधकांनी जो गोलसर नमुना बसवला, तो ३.७ मीटर लांब आणि साधारण १० सेंमी उंच. गाडीच्या व्हीलबेसपेक्षा, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतरापेक्षा, लांब. त्यावर पुढची चाकं उतरायच्या आत मागची चढतात, पोटाखाली टोक येतच नाही. तिथे तिरकं जाणं निव्वळ सवय. खरी पंचाईत अरुंद आणि उंच ढिगाऱ्याची. त्यावर तिरकं गेल्याने बंपरची खालची कड वाचते हे खरं, पण पोट वाचेलच असं नाही, कारण पुढची दोन्ही चाकं उतरून गेल्यावर ढिगारा गाडीच्या मध्याखाली येतोच.

आकडेच हवे असतील तर: व्हीलबेस २५०० मिमी, क्लिअरन्स (पोट आणि जमिनीतलं अंतर) १७० मिमी, तर मधल्या पोटाचा कोन, म्हणजे पोट न घासता जितका उंचवटा ओलांडता येतो तो, सुमारे साडेपंधरा अंश. ४० ने खाली घेतली की बाराच्या आत. चार जण बसले की आणखी कमी. पानापक्कड यांचा चेंबर या शेवटच्या वाक्यात फुटला.

खडखडाट :
माझं अर्धंच बरोबर? बरं.

पानापक्कड :
तिरकं-सरळपेक्षा मोठी चूक रोज बघतो ती सांगतो. लोक स्पीडब्रेकरवर चढल्यावरही ब्रेक दाबून ठेवतात. ब्रेक दाबला की नाक खाली जातं, म्हणजे आधीच खाली असलेली गाडी नेमक्या नको त्या क्षणी आणखी खाली. वेग आधी मारा, चाक चढायच्या आत ब्रेक सोडा, लोळत जाऊ द्या. तिरकस यांनी हे करून बघावं, वीस वर्षांनी का होईना.

तिरकस :
ब्रेक सोडतोच मी. पण मुद्दा बरोबर आहे. तुमच्याकडून आला म्हणून जड जातंय.

काजवा :
दिव्यांबद्दल कुणीच बोलत नाही. कापलेल्या मागच्या स्प्रिंगवर दोन जण बसले की बूड टेकतं, नाक वर, आणि लो बीम सरळ समोरच्याच्या डोळ्यात. वर तो पांढराशुभ्र एलईडी. उंची बदलली की दिव्यांचा स्क्रू फिरवून घ्यावा लागतो, हे किती जणांना ठाऊक आहे? परवा रात्री अशाच एकामुळे मी रस्त्याच्या कडेला उतरलो. तो निघून गेला, त्याला कळलंही नाही.

निवांत :
एलईडीवाल्यांवर तर चार धागे हवेत.

सातवा गिअर :
माझे दिवे सेट केलेले आहेत. अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) केलेली आहे. बाजारात नवीन गाड्या कंपनीच खाली बनवून विकते, त्यांना जाऊन विचारा.

पानापक्कड :
कंपनी बनवते तेव्हा आर्म, टाय रॉड, शॉकअप, दिवे, सगळं त्या उंचीला जुळवून बनवते. आणि तिलाही कधी पाऊल मागे घ्यावं लागतं. २०१३ मध्ये टेस्लाच्या मॉडेल एस या विजेवरच्या गाड्या रस्त्यावरच्या लोखंडावर पोट आपटून पेटल्या. त्याच नोव्हेंबरमध्ये कंपनीने सॉफ्टवेअर पाठवून हायवेवरची एअर सस्पेन्शनची (हवेवर वर-खाली होणाऱ्या सस्पेन्शनची) उंची वाढवली आणि २०१४ मध्ये पोटाखाली टायटॅनियमची ढाल बसवली. ज्यांच्या बॅटऱ्या फरशीखाली आहेत त्यांनी ग्राइंडर हातात घेण्याआधी हे आठवावं.

ते राहू दे. तुम्ही म्हणालात, दोन वर्षांत काही झालं नाही. एक काम करा. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा, खाली बसा आणि पुढच्या टायरच्या आतल्या कडेवरून हात फिरवा. बाहेरून बघू नका, बाहेरून टायर नवाच दिसतो. गाडी खाली गेली की चाकाचं डोकं आत झुकतं, टो (वरून बघता चाक आत-बाहेर वळलेलं असण्याचा कोन) बिघडतो, आणि आतली कड किसणीवर धरल्यासारखी जाते. बघून इथे लिहा.

सातवा गिअर :
बघतो. काही निघणार नाही.

मागच्या सीटवरची :
आमच्याकडे निघालं होतं. तेसुद्धा पंक्चर काढणाऱ्या मुलाने दाखवलं म्हणून. त्या दिवशीची आणखी एक गंमत. हवा जाऊन टायर बसल्यावर गाडी इतकी खाली आली की सोबत मिळालेला जॅकच खाली जाईना. मी बॅटरी धरून उभी, हे पालथे पडलेले. शेवटी कुणीतरी एक जाड फळी आणून दिली, त्यावर बसलेलं चाक चढवलं, तेव्हा कुठे जॅक गेला. तेव्हापासून डिकीत फळी असते. एफ वनची फळी वाचून मला तीच आठवली.

त्रिज्या :
ताई, या धाग्यातला सगळ्यात उपयोगी प्रतिसाद तुमचा.

खडखडाट :
सातवा गिअर गायब झाले वाटतं.

सातवा गिअर :
गायब नाही. खाली वाकून बघत होतो, त्याला वेळ लागतो.

उजवीकडची आतली कड गुळगुळीत आहे. डावीकडे टायरच्या आतल्या तारा दिसताहेत. हाताला टोचल्या. पण दोन्हीकडे सारखं नाही, म्हणजे हे गाडी खाली केल्यामुळे नसून अलाइनमेंटवाल्याने टो चुकवलाय, असं माझं मत आहे. सेट चांगलाच आहे. टायर उद्या बदलतो.

पानापक्कड :
टो कशामुळे हलला ते विचारत नाही. पण तारा निघालेल्या टायरवर उद्यापर्यंत चालवू नका, स्टेपनी आत्ताच लावा.

सातवा गिअर :
तेच करतोय. जॅक जात नाहीये.

मागच्या सीटवरची :
फळी बघा, फळी.