सोसायटी ग्रुप : निळ्या पंपाबद्दल

ए-३०२ : काल मैदानात माझ्या मुलाला धाप लागली तेव्हा जे धावून आले त्या सगळ्यांचे आभार. पण आता बोलावंच लागेल. बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात दम्याचा निळा पंप (इनहेलर) आणि स्पेसर, म्हणजे पंपाला लावायचं पोकळ नळकांडं, होता, हे मी इथे आधीच लिहिलं होतं. तरी मी खाली येईपर्यंत त्याला आडवं झोपवलं होतं. पंपाला कुणी हात लावला नाही.

बी-१०१ काका : पंपाची सवय लागते. म्हणूनच कुणी दिला नसेल.

डी-४०३ : पंपाचं काय झालं? आज पाणी नाही का?

सेक्रेटरी : पाण्याचा पंप चालू आहे. विषय वेगळा आहे, वरचं वाचा.

ए-३०२ : काका, मान राखून सांगते, सवय लागत नाही. दम्यात श्वासनळ्या आतून सुजलेल्या असतात. धूळ, धूर, सर्दीचं निमित्त झालं की भोवतीचे स्नायू आवळतात. निळ्या पंपातलं सालब्युटामॉल ते काही मिनिटांत सैल करतं.

सी-२०१ काकू : पण आधी गोळी देऊन बघावी ना गं? पंप म्हणजे शेवटचा उपाय.

बी-४०४ : काकू, मी लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे म्हणून सांगते. पंपाच्या एका दाबात १०० मायक्रोग्रॅम औषध असतं. त्याचीच गोळी २ मिलिग्रॅमची, म्हणजे २० पट. ती अंगभर फिरते, हात थरथरतात, छाती धडधडते आणि गुण यायला वेळ लागतो. पंप थेट श्वासनळीत पोचतो. अटॅकमध्ये पहिला उपाय तोच.

बी-१०१ काका : पंपाची सवय लागते.

ए-१०४ : धुराचा विषय निघालाच आहे तर, पार्किंगमागे सुका पाला कोण जाळतं तेही बोलू या.

डी-४०३ : रोख कळला. आठवडाभर तुमच्या रंगकामाचा वास जिन्यात होता, तेव्हा आम्ही काही बोललो नाही.

सेक्रेटरी : दोघांनाही विनंती, हे ऑफिसात बोलू. पाला जाळणं मात्र आजपासून बंद.

बी-४०४ : मुलाला धाप लागली तर काय करायचं ते लिहिते. वाचून सोडून देऊ नका. आधी ताठ बसवा, झोपवू नका. पंप हलवून स्पेसरला लावा. लहानग्यांना मास्क नाकातोंडावर घट्ट बसवा, मोठ्यांना नळी ओठांत धरायला सांगा. एकदाच दाबा, पाच-सहा साधे श्वास घेऊ द्या. ३० ते ६० सेकंदांनी पुन्हा हलवून पुढचा दाब. आराम पडेपर्यंत असं करा, जास्तीत जास्त १० वेळा. डॉक्टरांनी मुलाला वेगळं लिहून दिलं असेल तर तसंच करायचं. तरीही उतार नसेल तर अ‍ॅम्ब्युलन्स. ओठ निळसर, बरगड्या आत ओढल्या जाताहेत, वाक्य पूर्ण होत नाही, मूल पेंगुळतंय, यातलं काहीही दिसलं तर आधी अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा आणि ती येईपर्यंत पंप देत राहा. शिट्टीसारखा आवाज अचानक थांबला आणि मूल थकलेलं दिसलं, तर बरं वाटतंय असं समजू नका. तेव्हा हवाच आत जात नसते.

सी-२०१ काकू : आणि तो रोजचा दुसरा पंप? त्यात स्टेरॉइड असतं, उंची खुंटते म्हणतात. आमच्या सुनेने म्हणून बंद केलाय.

बी-४०४ : काकू, उंचीत सरासरी साधारण १ सेंटिमीटरचा फरक पडू शकतो, हे खरं आहे. पण सूज आटोक्यात ठेवणारं औषध तेच. मूल खेळायला लागलं म्हणून परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. तो घेतल्यावर चूळ भरायला लावा. अटॅक आल्यावर मात्र त्याचा उपयोग नाही, तेव्हा निळाच.

बी-१०१ काका : सवयीबद्दल कोणी बोलत नाही.

बी-४०४ : उत्तर वर आहे, काका.

ए-३०२ : काका, संध्याकाळी त्याच्याजवळ तुम्हीच असता. मी ऑफिसात असते. म्हणून रविवारी क्लब हाऊसमध्ये तुम्ही पहिले यायला हवं. बी-४०४च्या नर्सताई रिकाम्या पंपावर सगळ्यांकडून सराव करून घेणार आहेत. वॉचमनदादा आणि सांभाळणाऱ्या मावशींनाही बोलावलंय.

बी-१०१ काका : किती वाजता?

ए-३०२ : ११.

सी-२०१ काकू : आमच्या पंपावर आकडा नाही गं. संपला ते हलवून कळतं ना?

बी-४०४ : नाही, औषध संपल्यावरही आतला वायू उरतो. डब्यावर किती दाब आहेत ते छापलेलं असतं, तेवढे मोजायचे. रविवारी पंप घेऊन या.