मदत हवी आहे: संगीत तंत्रज्ञान संशोधन केंद्राशी जोडून घ्यायचंय, सुरुवात कुठून?

कोमल_निषाद: गाण्याचं शिक्षण झालंय, पायथॉन कामापुरतं येतं. बार्सिलोनाच्या पॉम्पेऊ फाब्रा विद्यापीठातला म्युझिक टेक्नॉलॉजी ग्रुप, लंडनच्या क्वीन मेरीतलं सेंटर फॉर डिजिटल म्युझिक किंवा स्टॅनफर्डचं 'कर्मा' अशा ठिकाणी प्रवेश न घेता काही काम करता येतं का? मेल कोणाला टाकायची आणि त्यात लिहायचं काय?

सॅम्पलरेट: 'तुमच्या केंद्रात काम करायचंय' अशी मेल टाकू नका, तिला उत्तर येणं कठीण. आधी एक प्रकल्प निवडा. इस्मिर या संगीत-माहिती संशोधनाच्या परिषदेचे २००० पासूनचे निबंध फुकट वाचता येतात. त्यातला गेल्या दोन वर्षांतला, कोड आणि डेटा खुला असलेला एक घ्या आणि स्वतःच्या मशीनवर चालवा. बहुतेक वेळा पहिल्या फटक्यात चालत नाही, लायब्ररीच्या आवृत्त्या जुळत नाहीत. काय अडलं, कसं सोडवलं ते लिहून ठेवा. तीच तुमची ओळख. मेल पहिल्या लेखकाला करा, तो सहसा पीएचडीचा विद्यार्थी असतो. संचालकांना नको. दीडशे शब्द पुरेत: कोणता निबंध, काय चालवलं, आकडा किती आला, पुढे काय करायची तयारी आहे. ऑडिओ जोडू नका, दुवा द्या.

आकडे पाठवण्याआधी एक तपासा. लिब्रोसा ही पायथॉनची ऑडिओ लायब्ररी फाइल उघडताना तिचा नमुनादर (सेकंदाला किती नमुने) न सांगता २२०५० हर्ट्झवर आणते. विश्लेषण ५१२ नमुन्यांच्या उड्या मारत पुढे जातं, अशी एक उडी म्हणजे तिथे २३.२ मिलिसेकंद. तुम्ही ४४१०० धरून हिशेब केलात तर ११.६ येतात आणि साठाव्या सेकंदाचा सूर तिसाव्याला दिसतो. उघडताना sr=None द्या, म्हणजे फाइलचा मूळ दर राहतो.

तिहाई: कोडवरच अडून बसू नका. गाणं कळणाऱ्या माणसाची खरी टंचाई ध्वनिमुद्रणावर सम, सूर यांच्या खुणा करण्याच्या कामात आहे. पॉम्पेऊ फाब्रातल्या कॉम्पम्युझिक प्रकल्पात हिंदुस्थानी आणि कर्नाटक संगीतावर काम झालं, त्यातूनच 'सरागा' हा डेटासंच आला. सोनिक व्हिज्युअलायझर हे ध्वनिमुद्रण पाहून खुणा करायचं सॉफ्टवेअर उतरवून घ्या (क्वीन मेरीतच घडलेलं, मोफत) आणि एका बंदिशीच्या समेच्या खुणा करून पाहा. वाजत असताना कळ दाबली की खूण थोडी मागेपुढे पडते. म्हणून नंतर तरंगाकृती मोठी करून खूण ठोक्याच्या सुरुवातीवर सरकवा. अतिविलंबित एकतालात एक मात्रा पाच सेकंदांपर्यंत जाते, तेव्हा 'सम नक्की कुठे' यावर दोन जाणकारांचं जमत नाही. तबल्याचा ठोका धरायचा की गायक समेवर येतो ती जागा, हा नियम आधीच लिहून ठेवा. आणि काम डब्ल्यूएव्हीवरच करा. एमपी३ मध्ये सुरुवातीलाच पंचवीसेक मिलिसेकंदांची भर पडू शकते, मग दोघांच्या खुणा जुळत नाहीत.

मींड: श्रवणचाचण्यांनाही माणसं लागतात. हेडफोन वायरचाच घ्या. ब्लूटूथने आवाज उशिरा पोचतो.

कोमल_निषाद: आभार! पीवायआयएन या सूर शोधण्याच्या पद्धतीने एका आलापाचा आलेख काढला. सूर मधेच बरोबर एक सप्तक खाली पडतो आणि परत वर येतो. हा दोष म्हणून कळवू का?

सॅम्पलरेट: थांबा. ही सप्तकाची चूक, सगळ्याच पद्धतींत होते. आधी सूर शोधायचा पट्टा आवळा. षड्ज २२० हर्ट्झ असेल तर मंद्र पंचम १६५, तार पंचम ६६०. खालची मर्यादा १५०, वरची ७५० ठेवा. मागे तानपुरा, हार्मोनियम असेल तर मुळात पीवायआयएन चुकीचं हत्यार, ते एकट्या सुरासाठी आहे. एसेन्शिया या ऑडिओ लायब्ररीतलं मेलोडिया वापरा, ते साथीतून मुख्य सूर वेगळा काढतं. तरीही पडला, तर दहा सेकंदांचा तुकडा, आवृत्ती क्रमांक आणि दिलेल्या मर्यादा यांसकट कळवा.