वाडीची आरती घरी येते तेव्हा ३०-३५ माणसांसाठी काय करावे?

राजापूरची_सून

नमस्कार. आमचे मूळ घर राजापूर तालुक्यात आहे आणि यंदा प्रथमच गणपतीचा सगळा स्वयंपाक माझ्याकडे आला आहे. सासूबाईंचे वय ७४ असून गुडघ्यांमुळे त्यांना फार वेळ उभे राहता येत नाही. जाऊबाई गौरीच्या आदल्या दिवशी पोहोचतील. म्हणजे चतुर्थीला घरच्या १२ माणसांचा नैवेद्याचा स्वयंपाक आणि रात्री वाडीच्या फेरीची आरती (वाडीतली मंडळी घरोघर जाऊन करतात ती), ही दोन्ही कामे मला एकटीलाच उरकायची आहेत. आरतीला ३० ते ३५ माणसे येतात. पाचव्या दिवशी रात्री आमच्या घरी भजनही असते.

साधने अशी आहेत : दोन शेगड्यांचा गॅस, मागील पडवीत चूल, लहान फ्रिज आणि पावसात केव्हाही जाणारी वीज. सासूबाईंच्या वेळी आरतीच्या मंडळींना घावणे आणि काळ्या वाटाण्याची उसळ मिळत असे, आणि लोक त्याची अजून आठवण काढतात. मला तेवढे झेपेल असे वाटत नाही. मात्र बाजारातून वेफर्स व बिस्किटे आणून ठेवणेही मनाला पटत नाही. कांदा-लसूण पाचही दिवस वर्ज्य आहे. मोदकांच्या उकडीचीही धास्ती आहे, कारण गेल्या वर्षी मी केलेल्या मोदकांपैकी निम्मे मोदकपात्रातच फुटले होते. अनुभवी मंडळींनी मार्ग सुचवावा.

देवगडचा_काका

ताई, पदार्थ ठरवण्यापूर्वी एक गोष्ट सांगा : आरतीच्या फेरीत आपले घर कितवे लागते? वाडीत १०-१२ घरे असली तर मधल्या घरांत पोचेपर्यंत लोकांनी चार ठिकाणी लाडू, करंजी आणि चहा घेतलेला असतो. तेथे ताटभर वाढले तरी निम्मे ताटात राहते. शेवटच्या घरी मात्र घसे बसलेले असतात, भूक लागलेली असते आणि माणसे निवांत टेकतात.

घावण्यांविषयी हिशेब मांडून पाहा. बिडाच्या एका तव्यावर एक घावण सुटायला दोन ते अडीच मिनिटे लागतात. ३५ माणसांना प्रत्येकी दोन धरले तर ७० घावणे, म्हणजे एका तव्यावर अडीच-तीन तास झाले. सासूबाईंच्या काळी दोन चुली, दोन तवे आणि चार बायका असणार. एकट्या माणसाने गर्दीसाठी तव्यावरचा पदार्थ कबूल करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण बाहेर आरती चालू असताना आपण मात्र धुरात उभे असतो.

मधल्या घरासाठी दडपे पोह्यांसारखा पदार्थ नाही. पातळ पोहे दीड किलो, चांगले मोठे नारळ तीन, कोवळी तवशी (मोठ्या काकड्या) दोन आणि लिंबे आठ-दहा एवढ्यात द्रोणभर प्रत्येकाला मिळतात. पोहे दुपारीच चाळून, थोडे उन्हात किंवा मंद आचेवर गरम करून डब्यात ठेवावेत. ओल्या हवेत ते सादळतात आणि मग कालवल्यावर त्यांचा लगदा होतो. मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता, हिरवी मिरची आणि शेंगदाणे यांची फोडणी करून ती वेगळी गार होऊ द्यावी. खोबरे खोवून झाकून ठेवावे, तवसे मात्र आयत्या वेळी कोचवावे.

दोन घरे अलीकडे मृदंग ऐकू आला की कालवायला बसावे. पोह्यांत खोबरे, तवसे, मीठ, साखर, लिंबू घालून हाताने हलके चोळावे, शहाळ्याचे नव्हे तर फोडलेल्या नारळाचेच पाणी वरून शिंपडावे, पसरट टोपात दाबून बसवून वर ताट पालथे घालावे आणि ताटावर वरवंटा ठेवावा. पंधरा-वीस मिनिटांत पोहे खोबऱ्याच्या ओलाव्यानेच मऊ होतात. फोडणी आणि पोह्याचा चुरलेला पापड वाढतानाच घालावा. यात कांदा नसला तरी काही बिघडत नाही, कारण तवशाचा कुरकुरीतपणा ती जागा भरून काढतो. कालवलेले पोहे दीड-दोन तासांपेक्षा अधिक ठेवू नयेत, खोबरे आंबूस होते.

वेंगुर्ल्याची_मावशी

काकांनी नेमके सांगितले आहे. मी फक्त मोदकांविषयी लिहिते, कारण फुटलेल्या मोदकांचे दुःख मला ठाऊक आहे.

मोदक फुटतात ते बहुधा तीन कारणांनी : पिठी जुनी किंवा जाडसर असते, सारण ओलसर राहते, किंवा उकड गार झाल्यावर मळली जाते. २१ मोदकांसाठी दोन वाट्या पिठीला दोन वाट्या पाणी घ्यावे. तांदूळ नवा असेल तर पाणी दोन चमचे कमी करावे. पाण्यात चिमूटभर मीठ आणि चमचाभर तूप घालून खळखळ उकळी आली की पिठी एकदम ओतावी, उलथन्याच्या दांड्याने ढवळावी, झाकून मंद आचेवर दोन मिनिटे वाफ आणावी आणि आच बंद करून आणखी पाच-सात मिनिटे झाकण काढू नये. मळताना हाताला चटका बसलाच पाहिजे. पाण्याचा आणि तेलाचा हात घेत मळावे. पारीची कड दाबून पाहावी. तिला चिरा दिसल्या तर पाण्याचा हात लावून पुन्हा मळावे, तशीच मुखऱ्या (कळ्या) पाडायला घेऊ नये. सारणासाठी तीन वाट्या खोबऱ्याला दीड वाटी गूळ पुरतो, आणि ते आदल्या दिवशी करून फ्रिजमध्ये ठेवले तर कोरडेही होते व सकाळचा एक तास वाचतो.

पण ताई, १२ माणसांसाठी ५०-६० मोदक एकटीने वळण्याचा हट्ट कशासाठी? नैवेद्याला २१ करा आणि जेवणासाठी पातोळ्या करा. सारण तेच राहते. परसात हळद असेलच. भाद्रपदात तिची पाने हातभर होतात. पाने धुऊन, पुसून, मधली जाड शीर पाठीमागून सुरीने थोडी तासून घ्यावी, म्हणजे पान दुमडताना फाटत नाही. पिठीत मीठ आणि पाणी घालून इडलीच्या पिठाएवढे दाट भिजवावे व चार बोटांनी पानभर पातळ सारवावे. अर्ध्या भागावर सारण पसरून पान मिटावे आणि दहा-बारा मिनिटे वाफवावे. पान सोलल्यावर शिरांची नक्षी पांढऱ्या पातोळीवर उमटलेली दिसते आणि हळदीचा वास माजघरापर्यंत जातो. कळ्यांचा कसलाच प्रश्न येत नाही, लहान मुलेही पाने सारवू शकतात. सासूबाईंना खुर्चीवर बसून हे काम सहज करता येईल. मला विचाराल तर त्यांना ते आवडेलही, कारण घरात गणपती असताना स्वस्थ बसायला सांगितलेली बाई सुखी नसते.

राजापूरची_सून

काका, मावशी, मनापासून आभार. फेरीत आमचे घर नवांपैकी चौथे आहे, हा विचार मी केलाच नव्हता. म्हणजे चतुर्थीला दडपे पोहे आणि गवती चहा हे निश्चित. पाचव्या दिवशी मात्र भजन रात्री साडेनऊला सुरू होऊन बाराच्या पुढे जाते आणि मंडळी नंतर कोठेच जात नाहीत. त्या दिवशी पोटभरीचे काही द्यावे लागेल.

मालवणी_टोप

भजनी मंडळींना उसळच हवी, यात तडजोड नको! सासूबाईंची परंपरा अर्धी का होईना, राखता येईल. घावणे सोडा आणि उसळीबरोबर पाव द्या. आमच्या सिंधुदुर्गात भजनाला उसळ-पाव ही काही कमीपणाची गोष्ट मानत नाहीत, उलट बुवांपासून झांजवाल्यापर्यंत सर्वांना तीच हवी असते.

३५ माणसांना काळे वाटाणे दीड किलो घ्यावेत. ते आदल्या रात्री भिजवावेत, निदान १२ तास तरी. कमी भिजले तर कितीही शिट्ट्या दिल्या तरी साल टणक राहते. वाटपासाठी दोन नारळांचे खोबरे तांबूस होईपर्यंत भाजावे. धणे, बडीशेप, मिरी, लवंग, दालचिनी वेगळी परतून घ्यावी आणि सगळे एकत्र बारीक वाटावे. कांदा नसल्याने खोबरे नेहमीपेक्षा थोडे अधिक भाजावे लागते, नाहीतर रस्सा फिका व गोडसर लागतो. वीज असेल तेव्हाच सकाळी वाटून फ्रिजमध्ये ठेवावे, संध्याकाळच्या भरवशावर राहू नये. मालवणी मसाला, हळद, थोडा गूळ आणि चार-पाच आमसुले घालून उसळ चुलीवर उकळू द्यावी. शिजलेल्या वाटाण्यांपैकी दोन पळ्या ठेचून रश्शात घातल्या की दाटपणा येतो. भजनाला सुरुवात होण्यापूर्वी उसळ तयार असावी आणि निखाऱ्यावर झाकून राहावी. मुरल्यावरच तिला खरी चव येते.

सोबत सोलकढी देणार असाल तर लसूण वगळून जिरे व हिरवी मिरची वाटून घालावी. आगळ (कोकमाचा खारवलेला रस) आणि नारळाचे दूध वेगवेगळे ठेवून वाढण्याच्या अर्धा तास आधी एकत्र करावे. आगळात मीठ असतेच, ते चाखूनच वरून मीठ घालावे. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तरी आमसुले घेताना मी चिठ्ठी पाहून थांबत नाही, बोटाने दाबून पाहतो. ती मऊ आणि काळसर लाल असावीत. वरून मिठाचे पांढरे कण फार दिसले तर दुसरी घ्यावीत.

देवगडचा_काका

टोपसाहेबांशी सहमत आहे. फक्त मध्यरात्री ३५ माणसांना सोलकढी गाळत बसण्यापेक्षा आल्याचा चहा पुरे, असे मी म्हणेन. सोलकढी घरच्यांसाठी दुपारी करावी. आणि पाव त्याच दिवशी सकाळी सांगून ठेवावेत. गणपतीत बेकरीवाल्याकडे संध्याकाळी गेलो की रिकाम्या पाट्या पाहून परत यावे लागते, हे मी दोनदा अनुभवले आहे.

राजापूरची_सून

गणपती गावाला गेले, म्हणून कळवते. चतुर्थीला २१ पैकी १९ मोदक अखंड निघाले. फुटलेले दोन दिरांनी उभ्या उभ्या संपवले. पातोळ्या सासूबाईंनीच सारवल्या, एकूण ३४, आणि माझी पाने जाड सारवली जातात म्हणून मला सारणाच्या कामावर पाठवले. पोह्यांची मात्र थोडी फसगत झाली. दोन घरे अलीकडे मृदंग ऐकून मी कालवायला घेतले, पण शेजारच्या घरी मंडळींनी आणखी तीन गजर धरले आणि पोहे पाऊण तास दडपून राहिले. ते जरा अधिक मऊ झाले, तरी टोप रिकामा परत आला.

पाचव्या दिवशी उसळ-पाव केला. पाव ९० सांगितले होते, सात उरले. बुवांनी जाताना विचारले, "घावणे बंद केलात काय?" त्यावर मी काही बोलण्यापूर्वीच सासूबाई म्हणाल्या, "पुढच्या वर्षी तुमच्या मंडळींपैकी दोघे तव्यावर उभे राहा, आम्ही पीठ दळून ठेवतो."