बोस्टनचा चहा महाग होता, हे कुणी सांगितलं?

टवाळ_पंत: परवा इथेच कुणीतरी ठोकून दिलं, "इंग्रजांनी जबर कर लावला, गरीब अमेरिकनांना चहा परवडेना, म्हणून १७७३ला बोस्टन बंदरात चहाच्या पेट्या समुद्रात फेकल्या." डोकंच फिरलं. त्याच वर्षीच्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीचा चहा उलट स्वस्त झाला! लंडनची जकात परत, मधले व्यापारी बाद. पौंडभर वजनाच्या चहामागे तीन पेन्सचा कर होता, तो आधीपासूनचाच. पोटात दुखलं ते चोरटा डच चहा विकणाऱ्या शेठजींच्या. ३४२ पेट्या बुडाल्या त्यापायी.

दुकानदार_सातारा: इंग्रजांच्या पार्लमेंटात अमेरिकनांचा एक माणूस नाही आणि कर मात्र भरा? १७६५ला तर वर्तमानपत्रापासून पत्त्यांच्या जोडापर्यंत सगळ्यावर मुद्रांकाचा कर. आमच्या गाळ्याचा कर न विचारता वाढवला होता. रक्कम किरकोळ, पण तिडीक गेली ना डोक्यात! पंत, तुम्ही कधी गल्ल्यावर बसलायत का?

उमाताई: आणि "आपला चहा बुडवला" म्हणणाऱ्यांनो, तो चीनचा होता. आसामचे मळे पुढच्या शतकातले. असो. स्वातंत्र्य कुणाचं, ते बोला. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया वसाहतीत १६६२चा कायदा होता, गुलाम बाईचं मूल गुलाम. बाप गोरा मालक असला तरी.

रोखठोक: आलं गुलामगिरीचं पालुपद! गोरेसुद्धा चार-सात वर्षांच्या करारावर विकले जायचे. पिचले सगळेच.

उमाताई: करार संपतो हो! माझ्या मामाचा पासपोर्ट आखातात मालकाने दाबून ठेवला होता. रडला, पण परतला, घर बांधलं. तंबाखूच्या मळ्यातला गुलाम कुठे परतणार?

रोखठोक: करार संपेपर्यंत जगले तर ना! सुरुवातीला कितीतरी तापानेच गेले.

उमाताई: गेले. पण पोरांना बेडी वारशात नाही मिळाली.

टवाळ_पंत: धागा माझा आहे, आठवण करून देतो.

दुकानदार_सातारा: थांबा हो पंत, आता कुठे रंग चढतोय. व्हर्जिनियाच्या १६३५च्या नोंदीत टोनी नावाचा 'ईस्ट इंडियन', म्हणजे हिंदुस्थानाकडचा, मजूर सापडतो. मजूर आणला की माणशी ५० एकर जमीन. आणणाऱ्याला, टोनीला नव्हे.

रोखठोक: बरं बाई, तुम्ही जिंकलात, हार घाला. पण तिथल्याच जॉर्जिया वसाहतीत गुलाम ठेवायला बंदी होती, ते सोयीस्कर विसरलात.

उमाताई: होती, १७५१पर्यंत. बंदी उठवा म्हणून वसाहत चालवणाऱ्या विश्वस्तांकडे अर्जावर अर्ज कुणी केले? तुमच्या त्या पिचलेल्या गोऱ्यांनीच.