मैदानात घेतलेलं रेकॉर्डिंग: नाशिककरांनो, तुमचे अनुभव लिहा

परदेशी रॉक ऐकायचं, मग डीप पर्पल बँड असो, गायक रॉजर वॉटर्स असो की यूटू बँड, नाशिककराला मुंबई गाठावीच लागली. तरी गेलेले पुष्कळ आहेत. काहींनी टेपरेकॉर्डर, एमपीथ्री प्लेअर किंवा मोबाइलवर जे टिपलं, ते अजून कपाटात पडून आहे. आवाज सुमार असेल, पण मला ही रेकॉर्डिंग्ज फार मोलाची वाटतात, कारण स्टुडिओतल्या अल्बममध्ये आपली माणसं नसतात. कुठला कार्यक्रम, कसे गेलात, कशावर टिपलंत, सगळं लिहा. विकणं, अपलोड करणं हा विषय इथे नको.

नाशिकरोडहून

८ एप्रिल १९९५, शनिवार. अंधेरी स्पोर्ट्स कॉम्प्लेक्स, डीप पर्पल.

गिटारवादक रिची ब्लॅकमोर १९९३ मध्येच बँड सोडून गेलेला, त्यामुळे आमच्या कॉलेजच्या कंपूत दोन तट पडले. ब्लॅकमोर नाही तर जायचं कशाला, हा एक. गायक इयान गिलन, ऑर्गनवर जॉन लॉर्ड, ड्रमवर इयान पेस समोर दिसणार तर जायचंच, हा दुसरा. मी दुसऱ्यातला. सकाळची पंचवटी धरली, दादरला उतरून लोकलने अंधेरी.

मामाचा छोटा रेकॉर्डर शर्टाच्या आत पट्ट्याला बांधलेला, त्यात टीडीकेची नव्वदची कॅसेट. एका बाजूला ४५ मिनिटं. लॉर्डचा ऑर्गन ऐन रंगात आला आणि खट्टकन बटण वर! अंधारात चाचपडत कॅसेट उलटी घालेपर्यंत तो भाग संपला. त्यामुळे टेपची एक बाजू ऑर्गनवर तुटते आणि दुसरी थेट टाळ्यांनी सुरू होते. ब्लॅकमोरच्या जागी आलेल्या स्टीव्ह मोर्सने मात्र पहिल्या तटाची तोंडं बंद केली. त्याच्यासोबतचा बँडचा पहिला अल्बम १९९६ मध्ये आला, आम्ही त्याला त्याआधीच ऐकलं होतं!

या कार्यक्रमाचं चित्रण पुढे 'बॉम्बे कॉलिंग' नावाने अधिकृतपणे निघालं. आवाज स्वच्छ आहे. पण माझ्या टेपवर शेजारचा एक अनोळखी माणूस गाणं सुरू झालं की 'आई शप्पथ!' म्हणतो, ते त्यात कुठून येणार? रात्री दादरहून एशियाड मिळाली. कसारा घाटात सगळी बस झोपलेली आणि आम्ही दोघं इअरफोनचा एकेक कान वाटून घेऊन सेल उतरेपर्यंत ऐकत होतो.

इंदिरानगरहून

काका, टेप वाजत असेल तर लवकर संगणकावर घ्या. कॅसेटमधला, पट्टी दाबून धरणारा फेल्टचा बारीक तुकडा निघून पडतो आणि आवाज दबका येतो. पट्टी चांगली असेल तर स्क्रूवाल्या दुसऱ्या कॅसेटमध्ये बसवता येते. बाबांच्या टेप मी अशाच वाचवल्या. मूळ फाइल डब्ल्यूएव्हीमध्येच, म्हणजे आवाज न दाबता साठवणाऱ्या प्रकारात ठेवा.

माझा कार्यक्रम १८ फेब्रुवारी २००७ चा. रॉजर वॉटर्स, वांद्रे-कुर्ला संकुलातलं एमएमआरडीए मैदान. उत्तरार्धात त्यांच्या जुन्या बँडचा, पिंक फ्लॉइडचा, १९७३ चा 'डार्क साइड ऑफ द मून' अल्बम अख्खा वाजवला. पन्नाशीची माणसं आणि शाळकरी पोरं एका सुरात गात होती.

हा अल्बम हृदयाच्या ठोक्यांनी सुरू होतो. मैदानात ते ठोके छातीत जाणवत होते. माझ्या एमपीथ्री प्लेअरच्या एवढ्याशा माइकने मात्र इतका खालचा आवाज पकडलाच नाही. तिथे नुसती कुजबुज आहे आणि माझा धाकटा भाऊ 'ताई, सुरू झालं, सुरू झालं!' म्हणतोय. तेव्हा त्याचा आवाज फुटायचा होता. आता त्याची बायको घरी आली की तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा लावायला सांगते.

गंगापूर रोडहून

१५ डिसेंबर २०१९, यूटू, नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम. त्यांचा १९८७ चा 'द जोशुआ ट्री' अल्बम पूर्ण ऐकला, शिवाय ए. आर. रहमान मंचावर आले.

मोबाइलवाल्यांना एक सांगतो. आवाज वाढला की फोन आपोआप रेकॉर्डिंगची लेव्हल खाली ओढतो, म्हणून ड्रमच्या प्रत्येक ठोक्याला गिटार बुडते. लेव्हल हाताने ठरवता येईल असं अ‍ॅप घ्या आणि ती आधीच कमी ठेवा. जमल्यास साउंड मिक्सरच्या आसपास उभे राहा, सगळा आवाज तिथून ऐकूनच जुळवलेला असतो. आणि व्हिडिओ कशाला? फक्त आवाज घ्या, फोन खिशाच्या तोंडाशी ठेवा. मागच्याला तुमची स्क्रीन नाही, स्टेज बघायचं असतं.

पुन्हा नाशिकरोडहून

इंदिरानगरच्या ताई, आत्ताच बघितलं. फेल्ट जागेवर आहे, पट्टीही ठीक दिसते. डेकचा रबरी पट्टा तेवढा वितळून चिकटलाय. नाशिकमध्ये तो बदलून देणारं कोणी माहीत असेल तर कळवा. टाळ्यांनी सुरू होणारी ती दुसरी बाजू मी कित्येक वर्षांत ऐकलेली नाही.