गाडीतच मुक्काम : सातारा-सांगलीकर जोडप्यांचे अनुभव

हॉटेल न ठरवता, तंबू न घेता, घरातल्याच गोधड्या आणि भांडी गाडीत टाकून एखादी रात्र बाहेर काढलेली बरीच जोडपी आपल्याकडे आहेत, हे अलीकडे बोलता बोलता लक्षात आले, म्हणून हा धागा काढत आहे. कुठे थांबलात, झोपायची सोय कशी केलीत, काय चुकले आणि पुढच्या वेळी काय बदललेत, हे तपशिलाने लिहावे अशी विनंती आहे. सुरुवात मीच करते.

आम्ही दोघे साताऱ्यात राहतो. जानेवारीतल्या एका शनिवारी यजमानांना अचानक सुट्टी मिळाली, दुपारी तीनला जायचे ठरले आणि साडेचारला आम्ही यवतेश्वरचा घाट चढत होतो. कासच्या पठारावर मुक्काम करता येत नाही आणि करूही नये. 2012 मध्ये पश्चिम घाटासोबत जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या त्या कातळावर मातीचा थर इतका पातळ आहे की गाडीची चाके फिरली तरी पुढच्या हंगामाची फुले जातात. म्हणून पठार मागे टाकून बामणोलीच्या बाजूला उतरलो आणि रस्त्याकडेच्या एका घरी विचारले. तिथल्या आजींनी खळ्यात गाडी लावू दिली. खाली शिवसागराचे, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाचे, पाणी दिसत होते.

आमची गाडी साधी हॅचबॅक आहे. मागचे आसन पाडले की डिकीचा तळ आणि आसनाची पाठ यांच्यात चांगला वीतभर खळगा राहतो, हे आम्हाला रात्री आठ वाजता कळले. यजमानांनी त्या खळग्यात कपड्यांच्या पिशव्या, सतरंजी आणि शेवटी आजींकडची रिकामी पोती घड्या घालून भरली, तेव्हा कुठे अंथरूण सपाट झाले. खरी चूक त्यानंतर झाली. थंडी होती म्हणून चारही काचा घट्ट बंद केल्या. पहाटे तीनच्या सुमारास डोके जड होऊन जाग आली, तर छतावरून थेंब गोधडीवर पडत होते. दोघांच्या श्वासातली वाफ थंड पत्र्यावर आणि काचांवर जमून तिचे पाणी झाले होते. समोरासमोरच्या दोन काचा बोटभर खाली केल्या, मग सकाळपर्यंत गाढ झोप लागली. आता खिडक्यांच्या मापाने कापलेले मच्छरदाणीचे कापड कायम डिकीत असते. फ्रिजवर चिकटवायची लोहचुंबके दाराच्या पत्र्यावर लावली की ते बाहेरून घट्ट बसते.

*

मी कराडला वायरमनचे काम करतो. आमची जुनी ओम्नी आहे. तिचे मागचे आसन बोल्ट खोलून घरी ठेवले, तिथे प्लायवूडची फळी टाकली आणि आम्ही दोघे वारणेच्या खोऱ्यात चांदोली धरणाच्या अलीकडे एका ओळखीच्या शेतात थांबलो. स्वयंपाक अंधारात नको म्हणून हेडलाइट चालू ठेवले. 60 वॅटचे दोन दिवे म्हणजे 12 व्होल्टवर 10 अँपिअर, आणि बॅटरी 35 अँपिअर-तासांची. तीन-साडेतीन तासांत ती पूर्ण उतरणार हा हिशोब मी रोज इतरांना सांगतो. पिठले-भात झाला, गप्पा रंगल्या आणि दिवे पिवळे पडत गेले ते लक्षात आले नाही. सकाळी दोन मेंढपाळ मदतीला आले. पत्नी स्टिअरिंगवर बसली, आम्ही तिघांनी उतारावर गाडी ढकलली, तिने दुसऱ्या गिअरमध्ये नेमक्या क्षणी क्लच सोडला आणि इंजिन लागले. त्या सकाळी तिच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो मी तिला गाडी शिकवली त्या दिवशीही पाहिला नव्हता.

*

वरच्या पहिल्या अनुभवाला जोडून एक गोष्ट कळकळीने सांगते. थंडी वाजते म्हणून इंजिन चालू ठेवून कोणीही झोपू नये आणि गाडीच्या आत शेगडी पेटवू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, रंग नसतो, आणि झोपलेल्या माणसाला काही कळायच्या आत शुद्ध जाते. मी साताऱ्यात परिचारिका आहे. एक जादा गोधडी घ्यावी, इतकेच.

*

सांगलीहून लिहीत आहे. आम्ही दोघेही साठी ओलांडलेले आहोत. भिलवडीजवळ कृष्णेच्या काठाला मऊ गवत आणि सावली पाहून मी गाडी थेट पाण्यापासून वीस पावलांवर नेली. पत्नी घागर घेऊन पाण्याकडे निघाली होती, तेवढ्यात होडीतल्या एका गृहस्थांनी मोठ्याने हाक मारून थांबवले. पलीकडच्या काठावरच्या गाळाच्या मळीवर त्यांनी बोट दाखवले तिथे मला ओंडका दिसत होता. ती मगर होती. कृष्णेच्या या पट्ट्यात मगरी आहेत हे वर्तमानपत्रात आयुष्यभर वाचले होते, तरी गवत पाहून विसरलो. थंडीत त्या उन्हासाठी काठावर येऊन पडतात, म्हणजे नेमक्या आपल्या सहलीच्या दिवसांत. आम्ही तिथून निघालो आणि औदुंबरला दत्तमंदिराजवळ गाडी लावून रात्र काढली. पहाटेच्या घंटेने जाग आली.

*

चाळकेवाडीच्या पठारावर, पवनचक्क्यांखाली. डिकीच्या दाराला ताडपत्री बांधून मांडव केला होता, तो वाऱ्याने दहा मिनिटांत फाडला. गाडी फिरवून बॉनेट वाऱ्याकडे केले, तेव्हा डिकीमागे आडोसा मिळाला आणि चहा झाला. पात्यांचा घूं-घूं आवाज रात्रभर चालू होता, सवय होते.

*

विट्याहून. शौचालयाबद्दल इथे कोणी लिहिले नाही म्हणून लिहिते, कारण बाईमाणसाचे जाणे-न जाणे यावरच ठरते. पहिल्या सहलीत मी संध्याकाळपासून पाणीच प्यायले नाही आणि दुसऱ्या दिवशी डोके धरून बसले. त्यानंतर मी यांना स्पष्ट सांगितले की जागा निवडताना दृश्य नंतर, शौचालय आधी. तेव्हापासून आम्ही देवस्थान, रात्रभर चालू असलेला पेट्रोलपंप किंवा ओळखीची वस्ती पाहूनच थांबतो. सागरेश्वरला गेलो तेव्हा अभयारण्यात न रेंगाळता देवराष्ट्रे गावात एका घरी विचारले. त्यांनी अंगणात गाडी लावायला सांगितली आणि न्हाणीघर दाखवले. रात्री त्या घरच्या काकूंनी दोनदा बाहेर येऊन विचारले, "पोरी, आत येऊन झोपतीस का?" मी नको म्हटले, तरी त्यांनी माजघराची कडी उघडीच ठेवली होती, हे सकाळी कळले.